न्यू जर्सीत लग्न करताय? मॅरेज लायसन्स आधी, मुहूर्त नंतर

मंगलाष्टके झाली, सप्तपदी झाली, पण टाऊनचे (म्हणजे स्थानिक म्युनिसिपालिटीचे) मॅरेज लायसन्स, म्हणजे लग्नाआधी घ्यायचा परवाना, हाती नव्हते, तर न्यू जर्सीच्या कायद्याच्या दृष्टीने लग्न झालेलेच नाही. नुसते एकत्र राहून नवरा-बायको ठरण्याची जुनी वाटही या राज्याने १ डिसेंबर १९३९ पासून बंद केली आहे. वधू-वर दोघेही किमान १८ वर्षांचे हवेत. २०१८ पासून आईवडिलांच्या किंवा कोर्टाच्या संमतीनेही यात सूट नाही.

अर्ज घेतो तो टाऊनचा रजिस्ट्रार, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. राज्यात साडेपाचशेहून अधिक म्युनिसिपालिट्या आहेत आणि पोस्टाच्या पत्त्यातले नाव म्हणजे तुमचे टाऊन असेलच असे नाही. इझलिनवाल्यांना वुडब्रिजला जावे लागते, प्रिन्स्टन जंक्शनवाल्यांना वेस्ट विंडसरला, मॉनमाउथ जंक्शन आणि केंडल पार्कवाल्यांना साउथ ब्रन्सविकला. प्रॉपर्टी टॅक्सचे बिल कोणाकडून येते ते पाहिले की उत्तर सापडते. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला विचारा.

दोघांपैकी एक जरी न्यू जर्सीत राहत असेल, तर त्याच्या टाऊनमध्ये अर्ज करायचा. ते लायसन्स राज्यात कुठेही चालते. दोघेही बाहेरचे असतील, समजा टेक्सासहून येऊन ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात लग्न लावणार असतील, तर अर्ज ब्रिजवॉटरलाच करायचा आणि लग्नही त्याच टाऊनच्या हद्दीत लावायचे. ऐनवेळी हॉल बदलून शेजारच्या टाऊनमध्ये गेलात तर ते लायसन्स कामाचे नाही.

अपॉइंटमेंट घेऊन दोघांनी स्वतः जायचे, सोबत १८ वर्षांवरील एक साक्षीदार. पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, राहत्या पत्त्याचा पुरावा, अमेरिकन नागरिक असल्यास सोशल सिक्युरिटी नंबर आणि २८ डॉलर फी एवढे लागते. कार्ड चालते की रोख, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. आधीचा घटस्फोट असेल तर हुकूमनामा न्या. तो मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. भारतात एकमेकांशी रजिस्टर लग्न झालेल्यांनी मात्र अविवाहित म्हणून अर्ज करू नये. त्यांच्यासाठी पुनर्विवाहाचे (त्याच जोडप्याने पुन्हा लग्न लावण्याचे) लायसन्स असते. त्याला खालची ७२ तासांची अट नाही, पण आधीचे विवाह प्रमाणपत्र दाखवावे लागते.

अर्ज स्वीकारल्यापासून ७२ तास लायसन्स मिळत नाही. मुहूर्त रविवारी सकाळी असेल तर गुरुवारी धावून उपयोग नाही, कारण ७२ तास भरतात तेव्हा ऑफिस बंद असते. मंगळवारी दुपारी उशिरा अर्ज केला तरी शुक्रवारी ऑफिस लवकर बंद झाले की अडकलात. आदल्या आठवड्यातच अर्ज करा. अगदीच अडचण असेल तर मुदत माफ करून घ्यायला सुपीरियर कोर्टात जावे लागते. दुसऱ्या टोकाला, हातात पडलेले लायसन्स ३० दिवसच चालते, म्हणून दोन महिने आधी घेऊन कपाटात ठेवू नका. फार आधी अर्ज करायचा असेल तर रजिस्ट्रारला तसे सांगा. त्याच्या संमतीने अर्ज सहा महिन्यांपर्यंत जिवंत राहतो.

लग्न कोणत्याही धर्माचे पुरोहित लावू शकतात, गुरुजींची राज्याकडे वेगळी नोंदणी लागत नाही. विधीनंतर गुरुजी आणि हजर असलेले दोन साक्षीदार कागद पुरा करतात (अर्जाच्या वेळचा साक्षीदार वेगळा, तिथे एकच पुरतो). जेवणाच्या पंगती सुरू होण्याआधी सह्या उरका. मग पाहुणे पांगतात आणि गुरुजींना पुढचे लग्न असते. नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहिले आहे ना, हे तिथेच तपासा. पुढे एच-४ व्हिसाच्या (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) वेळी एका अक्षराचा फरकही त्रास देतो.

भरलेला कागद गुरुजींनी पाच दिवसांत रजिस्ट्रारकडे द्यायचा असतो, तोही लग्न जिथे लागले त्या टाऊनच्या. म्हणजे लायसन्स वुडब्रिजचे असले तरी लग्न ब्रिजवॉटरला झाले असेल तर नोंद आणि सर्टिफाइड कॉपी ब्रिजवॉटरची. कॉपी आपोआप घरी येत नाही, वेगळी मागावी लागते. भारतात वापरण्यासाठी ॲपोस्टील (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी दाखला) हवे असेल तर टाऊनची कॉपी पुरत नाही. ट्रेंटनच्या राज्य कार्यालयाने दिलेली प्रत मागवा.