मुक्तस्रोत प्रकल्पांचा देणगी-निधी

स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स (ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता व बदलता येतो), सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी देणग्या, अनुदाने आणि प्रायोजकत्व यांतून उभा केला जाणारा पैसा. सॉफ्टवेअर फुकट मिळत असले तरी ते चालते ठेवायला खर्च येतो : डोमेन, सर्व्हर, चाचणीची यंत्रे, सुरक्षा-तपासणी, संमेलनांचा प्रवास आणि सर्वांत मोठा म्हणजे देखभाल करणाऱ्याचा वेळ. पैसा जमवणे हा यातला अर्धाच भाग. तो कोणाच्या नावावर ठेवायचा आणि कोणावर खर्च करायचा, इथे बहुतेक प्रकल्प अडतात.

देणगी कोणाकडे जाते : डोळ्यांना दिसणाऱ्या सॉफ्टवेअरला लोक हात सैल सोडून देतात. २००२ मध्ये ब्लेंडर या त्रिमिती चित्रण प्रणालीचा स्रोत मुक्त करण्यासाठी १,००,००० युरो हवे होते. ते सात आठवड्यांत जमले. याउलट ओपनएसएसएल ही जगभरच्या संकेतस्थळांचे व्यवहार सुरक्षित ठेवणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघडकीस आली तेव्हा तिला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या. बाकीचा खर्च सल्लासेवेच्या कंत्राटांतून भागत असे. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून अशा दुर्लक्षित प्रकल्पांसाठी निधी उभारला. मात्र पैसा हा सगळ्यावरचा उपाय नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइलींचा आकार लहान करणाऱ्या प्रणालीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा सापडला. एकट्याने प्रकल्प ओढून थकलेल्या देखभालकर्त्यावर दबाव आणून घुसखोराने सहदेखभालकर्त्याची जागा मिळवली होती. तिथे उणीव होती ती दुसऱ्या विश्वासू माणसाची.

यजमान संस्था : प्रकल्प ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नसते, त्यामुळे प्रकल्पाच्या नावे बँक खाते निघत नाही. सुरुवातीला देणगीचा दुवा बहुधा संस्थापकाच्या खात्याला जोडलेला असतो. मग ती रक्कम त्याचे उत्पन्न धरली जाऊन कर लागू शकतो; तो प्रकल्प सोडून गेला तर पैसे त्याच्याकडेच राहतात, वारला तर वारसांकडे जातात; आणि भांडण झाले तर शिल्लक कोणाची हे सांगणारा कागद नसतो. यावरचा रुळलेला मार्ग म्हणजे नोंदणीकृत ना-नफा संस्थेने प्रकल्पाचा पैसा स्वतःच्या खात्यात, पण स्वतंत्र हिशेबात सांभाळणे. डेबियन या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था देणगीतले ५ टक्के घेते. २००६ पासूनची सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी (गिट, इंकस्केप हे प्रकल्प सांभाळणारी) आणि ओपन सोर्स कलेक्टिव्ह या १० टक्के घेतात. त्या बदल्यात पावत्या, विवरणपत्रे, करार हे सारे त्या पाहतात. करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात : प्रकल्पाच्या वतीने खर्च मंजूर कोण करणार, बाहेर पडताना शिल्लक व नाममुद्रा (ट्रेडमार्क) सोबत नेता येते का, आणि प्रकल्प बंद पडला तर पैशाचे काय.

लहान रकमांचे गणित : कार्ड-शुल्क २.९ टक्के अधिक ३० सेंट धरले, तर महिन्याला ५ डॉलर देणाऱ्याच्या प्रत्येक हप्त्यातून साडेचव्वेचाळीस सेंट कापले जातात, वर्षभरात ५.३४ डॉलर. तेच ६० डॉलर एकरकमी दिले तर कपात २.०४ डॉलर. तरीही मासिक देणगीचे मोल वेगळे आहे. तिच्यावर पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो. प्रकल्पांचा कोड ठेवण्याच्या गिटहब या मंचाचे २०१९ मध्ये सुरू झालेले गिटहब स्पॉन्सर्स वैयक्तिक खात्यांवरून येणाऱ्या देणगीवर शुल्क घेत नाही. त्यासाठी भांडाराच्या, म्हणजे प्रकल्पाचा कोड असलेल्या जागेच्या, ‘.गिटहब’ (.github) फोल्डरात फंडिंग.वायएमएल (FUNDING.yml) ही फाइल ठेवली की पानावर प्रायोजकत्वाचे बटण दिसते. कोणत्याही मंचावर शिल्लक साठवून ठेवू नये : त्रुटी-दुरुस्तीवर बक्षिसे लावणाऱ्या बाउंटीसोर्सने २०२३ मध्ये पैसे देणे थांबवले आणि अनेकांची देणी अडकली. बक्षीस पद्धतीत मुळातलाच एक दोषही आहे. दोघे एकाच दुरुस्तीवर राबतात, पैसे एकाला मिळतात, आणि ती तपासून सामावून घेणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही.

खर्चातले ताण : सर्व्हरवर खर्च करायला कोणाची हरकत नसते, माणसावर करायला असते. २००६ मध्ये डंक-टँक या उपक्रमातून डेबियनच्या दोन प्रकाशन-व्यवस्थापकांना पूर्णवेळ कामाचे पैसे द्यायचे ठरले. इतरांनी विचारले, मग आम्ही फुकट का राबायचे? काहींनी आपले काम कमी केले. डिसेंबरात अपेक्षित असलेली ‘एच’ (Etch) ही आवृत्ती ८ एप्रिल २००७ ला आली. जँगो या संकेतस्थळे बांधण्याच्या साधनसंचाच्या संस्थेने २०१४ पासून घेतलेला मार्ग अधिक शहाणपणाचा ठरला : मानधन घेणारा ‘फेलो’ मुख्यतः आलेल्या तक्रारींची छाननी करणे, इतरांचे काम तपासणे, आवृत्त्या प्रसिद्ध करणे ही कंटाळवाणी कामे उचलतो. त्यामुळे स्वयंसेवकांच्या आवडीच्या कामावर गदा येत नाही आणि त्यांची वाट पाहणेही कमी होते.

भारतात : परदेशी देणगी घेणाऱ्या न्यासाला वा संस्थेला २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे कार्य दाखवावे लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावे लागते. नव्या प्रकल्पाला हे झेपत नाही, म्हणून परदेशी यजमान संस्था गाठणे किंवा केलेल्या कामाचे रीतसर बिल देऊन पैसे घेणे हे मार्ग वापरले जातात; बिल आणि करार मात्र जपून ठेवावेत, आणि सनदी लेखापालाला आधी विचारावे. देणाऱ्याचीही अडचण आहे. ऑक्टोबर २०२१ पासून आवर्ती कार्ड-व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाल्यावर परदेशी मंचांवरचे मासिक हप्ते नाकारले जाऊ लागले. अशा वेळी वार्षिक एकरकमी देणगी सोपी पडते. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा, मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीचा फ्लॉस/फंड जाहीर केला. एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर मागता येतात. अर्जासाठी फंडिंग.जेसन (funding.json) ही फाइल प्रसिद्ध करायची असते. तीत कोण मागते, कशासाठी, किती, कोणत्या मार्गाने आणि मागील वर्षांचे उत्पन्न-खर्च लिहितात. फाइलचा पत्ता आणि प्रकल्पाच्या भांडाराचा पत्ता वेगळा असेल, तर मालकी पटवण्यासाठी भांडारात त्या फाइलचा दुवा असलेली आणखी एक फाइल ठेवावी लागते.