कोल्हापूर ते लंडन: अंतर तेवढंच, तास बदलत गेले

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठावर कोल्हापूरच्या एका छत्रपतींची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. राजाराम महाराज १८७० साली बोटीने इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय जेमतेम वीस. सुएझ कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता, तरी विलायत म्हणजे आठवडेच्या आठवडे पाण्यावर. १९०२ मध्ये शाहू महाराज गेले तेही बोटीनेच.

विमान आलं म्हणून लगेच चुटकीसरशी काही झालं नाही. ३० मार्च १९२९ ला लंडन-कराची हवाई सेवा सुरू झाली, तिला आठवडा लागे आणि मधला स्वित्झर्लंडमधल्या बाझलपासून इटलीतल्या जिनोआपर्यंतचा टप्पा चक्क रेल्वेने! स्वतंत्र भारताचं लंडनला जाणारं पहिलं प्रवासी विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून सुटलं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० तारखेला लंडनला उतरलं. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आलं, तेव्हा कुठे हिशेब दिवसांवरून तासांवर आला.

आज मोबाईल कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत सुमारे ७,५०० किलोमीटर दाखवतो. हा आकडा पृथ्वीगोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याचा. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई-लंडन दोरा लावून बघा. भिंतीवरच्या नकाशात वाट इराणचं आखात आणि इराकवरून जाईलसं वाटतं; दोरा मात्र उत्तरेला सरकतो आणि इराण, कॉकेशस, युक्रेनवरून जातो. आता युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. म्हणजे दोऱ्याची वाट दोऱ्यापुरतीच. वैमानिकाला वळसा घालावाच लागतो.

शिवाय वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. वासाबुरो ओईशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून ते मोजले, पण अहवाल लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत, मग वाचणार कोण? मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आसपास, त्याचं मुख्य कारण हेच वारे. पृथ्वी आपल्याखाली फिरते म्हणून वेळ वाचतो, ही पारावरची थिअरी खोटी. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

राहता राहिलं आपलं टोक. उजळाईवाडीचा विमानतळ नंतरच्या राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये उभारला, पण इथून थेट लंडन नाही. मुंबई गाठायची आणि पुढे जायचं. ज्याला विमानाची वेळ जुळत नाही तो रात्री कोल्हापुरात हायवेवरच्या तावडे हॉटेलपाशी बॅगा घेऊन ट्रॅव्हल्सची वाट बघतो. पुणे, घाट, पनवेल करत पावणेचारशे किलोमीटरला आठ-नऊ तास. पुढचे ७,२०० किलोमीटर दहा तासांत.