पोहरा मोठा करायचा की आड भरायचा?

तीन हजार मीटर उंचीवरचा उतार. कमरेएवढा भुसभुशीत बर्फ आणि त्यातून वर चढू पाहणारी स्नोमोबाइल. उजव्या अंगठ्याखालचा थ्रॉटल शेवटपर्यंत दाबलेला आहे, पुढच्या दोन्ही स्की बर्फावर तरंगताहेत, मागचा लांबलचक रबरी ट्रॅक बर्फाचे फवारे उडवतोय. तरीही निम्म्याहून थोडं वर गेल्यावर वेग मंदावतो, ट्रॅक जागच्या जागी खड्डा खणायला लागतो आणि गाडी रुतून बसते. समुद्रसपाटीला १६५ अश्वशक्ती देणारं इंजिन इथे जेमतेम १२० देत असतं. बिघाड काहीच नाही. हवाच कमी आहे.

इंजिनाची ताकद पेट्रोलमधून येते असं आपण म्हणतो, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. टाकी भरलेली असली तरी खरी टंचाई असते ती हवेची. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकात समुद्रसपाटीला एका घनमीटरमध्ये १.२२५ किलो हवा असते. तीन हजार मीटरवर ती ०.९१ किलोच्या आसपास उरते, म्हणजे ७४ टक्के. साधं इंजिन दर फेरीला सिलिंडरच्या मापाएवढीच हवा ओढतं, त्यामुळे हवा विरळ झाली की ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. तज्ज्ञ मंडळी ढोबळ हिशेब सांगतात तो दर हजार फुटांना तीन टक्क्यांचा. थंडीमुळे हवा थोडी दाट होते आणि तेवढी भरपाई मिळते, पण ती पुरी पडत नाही.

मग यावर दोन उपाय निघाले, आणि डोंगरात स्नोमोबाइल चालवणाऱ्यांमध्ये त्यावरून वर्षानुवर्षं वाद झडताहेत. एक म्हणतो, इंजिन मोठं करा. दुसरा म्हणतो, टर्बो लावा, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारं यंत्र.

मोठ्या इंजिनाचा मार्ग समजायला सोपा. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर. तो वाढवला की क्षमता व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे मिलिमीटरचा फरकही भरपूर काम करतो. स्की-डू या स्नोमोबाइलच्या ब्रँडच्या ८५० इंजिनाचं उदाहरण घेऊ. बोअर ८२ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव ८०.४ मिमी, दोन सिलिंडर मिळून ८४९ सीसी. यात फक्त तीन मिलिमीटर वाढवून बोअर ८५ केला की क्षमता ९१२ सीसी होते. तीन मिलिमीटरमध्ये ६३ सीसी! सौदा स्वस्त वाटतो.

पण हेच ९१२ सीसीचं इंजिन तीन हजार मीटरवर न्या. डोंगर आपला वाटा टक्केवारीत घेतो आणि मोठ्या इंजिनाकडूनही तेच २६ टक्के घेतो. वर ते इंजिन समुद्रसपाटीच्या भाषेत ६७५ सीसीएवढी हवा ओढतं. मूळ ८४९ सीसीचं ओढत होतं ६२८. फायदा झाला, नाही असं नाही, पण तो सात टक्क्यांचा. खालच्याइतकीच हवा वर मिळवायची तर इंजिन ११४७ सीसीचं हवं, म्हणजे त्याच स्ट्रोकला बोअर ९५ मिलिमीटरच्या वर. तेवढं धातूच त्या सिलिंडरमध्ये नसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड पाव हिश्श्याने रिकामा होतोय आणि आपण पोहरा थोडा मोठा करतोय.

पोहरा मोठा करण्याचेही खर्च आहेत. पिस्टन जड होतो, आणि मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या वेगात वरखाली होणाऱ्या वस्तूचं प्रत्येक ग्रॅम क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला जाणवतं. सिलिंडरची भिंत पातळ होते. ही इंजिनं टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दर फेरीला एकदा इंधन जाळणारी. त्यांच्या सिलिंडरच्या डोक्यावर झडपा नसतात, भिंतीतल्या खिडक्याच झडपांचं काम करतात. बोअर वाढला पण खिडक्या तेवढ्याच ठेवल्या, तर मोठ्या छातीच्या माणसाने बारीक नळीतून श्वास घ्यावा तशी गत होते. म्हणून चांगली कामं करणारे नुसता बोअर वाढवत नाहीत, खिडक्यांची उंची-रुंदी आणि सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेडही त्यानुसार बदलतात. पोलारिस या दुसऱ्या स्नोमोबाइल कंपनीने २०२३ च्या मॉडेलांत ८९९ सीसीचं ‘नाइन-आर’ इंजिन थेट कारखान्यातूनच दिलं. टर्बोच्या बरोबरीने साधं मोठं इंजिनही बाजारात उतरवावंसं कंपनीला वाटलं, म्हणजे या मार्गात काहीतरी दम आहेच. त्याकडे पुढे येतो.

दुसरा मार्ग टर्बोचा, म्हणजे आडच भरायचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. पण डोंगर आणि टर्बो यांची गाठ पडली ती १९१८ साली, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये. जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस विमानांसाठी टर्बो तयार करत होता. विरळ हवेत चाचणी घ्यायला त्याने विमानाचं बारा सिलिंडरचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादलं आणि चार हजार तीनशे मीटर उंचीच्या पाइक्स पीकवर नेलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्तीचं ते इंजिन शिखरावर टर्बोशिवाय २३० वर आलं. टर्बो लावल्यावर त्याने ३५६ दिली. आजच्या स्नोमोबाइलवाल्यांचा अर्धा वाद त्या दिवशीच मिटला होता असं मला वाटतं. उरलेला अर्धा मात्र त्यांचा स्वतःचा आहे.

टर्बोला खरं तर फार जोर लावावा लागत नाही. तीन हजार मीटरवरचा हवेचा दाब समुद्रसपाटीइतका करायचा तर तो १.४५ पटीने वाढवायचा, म्हणजे वरून ०.३१ बार. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सातव्या हिश्श्याएवढं हे काम. पण हवा दाबली की ती तापते, सायकलचा पंप मारताना त्याचं टोक गरम होतं तशी. उणे दहा अंशांची हवा इतकी दाबली, आणि कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारं चक्र, ७० टक्के कार्यक्षम धरला, तर ती सुमारे ३२ अंशांवर जाते. तापलेली हवा पसरते, म्हणून दाब पूर्ण परत आला तरी हवेचं वजन परत येतं ते ९४ टक्के. तरीही न दाबलेल्या थंड हवेपेक्षा ते जवळपास पाव हिश्श्याने जास्त भरतं. तिकडे तीन मिलिमीटरने दिले होते सात टक्के.

इतकं सोपं असतं तर कारखान्यातून टर्बो टू-स्ट्रोक यायला २०२० चं मॉडेल का उजाडावं लागलं? उत्तर धुराच्या नळीत आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची खिडकी काही काळ एकदमच उघडी असतात. आठ हजारांच्या वेगाला एक अख्खी फेरी साडेसात मिलिसेकंदांत संपते. तेवढ्यात काही ताजं मिश्रण धुरासोबत बाहेर निसटतं. त्याला परत आत ढकलतो तो नळीचा मधला फुगीर, पुढे निमुळता होत जाणारा डबा. निमुळत्या टोकावर आपटून दाबाची लाट उलटी फिरते आणि खिडकी बंद व्हायच्या आत निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये लोटते. या इंजिनाची निम्मी करामत त्या लाटेत आहे. टर्बोचं चक्र या वाटेत बसवलं की लाटच विस्कटते, म्हणून ते डब्याच्या पलीकडे बसवतात. त्यातून तेलाचा प्रश्न. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलसोबत जळून जातं, खाली साठा नसतो, मग प्रचंड वेगाने फिरणाऱ्या दांड्याला वंगण पुरवायची वेगळी सोय करावी लागते. स्की-डूने हे जमवलं आणि १६५ अश्वशक्ती ८००० फुटांपर्यंत टिकेल असं सांगितलं. त्याआधी वर्षानुवर्षं बाहेरून किट आणून बसवणारे होतेच. त्यातली काही इंजिनं दीर्घायुषी ठरली, काहींचे पिस्टन वितळले.

उरलेला अर्धा वाद आहे अंगठ्याचा. दाट झाडीत उताराला समांतर गाडी काढताना थ्रॉटल एकसारखा दाबून धरता येत नाही. दाब, सोड, अर्धा दाब, सोड असं चालतं. सोडल्यावर टर्बोचं चक्र मंदावतं आणि पुन्हा वेग घ्यायला त्याला क्षणभर लागतो. समोर झाड असताना तो क्षण फार मोठा वाटतो. मोठं साधं इंजिन मात्र अंगठा हलताच ओढतं, शिवाय गाडीचं नाक काही किलोंनी हलकं राहतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातलं रेव्हलस्टोक गाव जेमतेम पाचशे मीटरवर आहे. तिथल्या झाडीत फिरणाऱ्याला डोंगराचा कर कमी पडतो, त्याने मोठं इंजिन निवडलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. कोलोरॅडोच्या रॅबिट इअर्स पासवर सुरुवातच २८०० मीटरच्या वर होते. तिथे मोकळ्या उतारावर जाणाऱ्याने टर्बोच घ्यावा.

टर्बोचा एक फायदा कागदावर दिसत नाही. या गाड्यांना गिअर नसतात. इंजिनाजवळच्या क्लचमध्ये छोटी वजनं असतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ट्रॅककडे ताकद नेणारा बेल्ट दाबून वर सरकवतात. वजनं इंजिनाच्या ताकदीला जुळलेली हवीत. उंचीवर ताकद घटली आणि वजनं तीच राहिली, तर इंजिन हव्या त्या आठ हजारांवर पोचतच नाही, सात हजारांवर रेंगाळतं. मग क्लच उघडा, वजनं बदला, आणि ते थंडीत, हातमोजे काढून. टर्बो ताकद टिकवतो तिथपर्यंत हे वजनांचं प्रकरण बरंचसं मिटतं.

आणि दोन्ही करणारेही आहेत. बोअर वाढवायचा, वर टर्बो, त्यात जास्त ऑक्टेनचं रेसिंगचं इंधन. वर दोनशे-अडीचशे अश्वशक्ती मिळते, पण ती सगळी जाते त्या एका रबरी बेल्टमधून. इंजिन टिकतं, बेल्ट जळतो. म्हणून अशा गाडीच्या बॉनेटखाली एक जादा बेल्ट खोचून ठेवलेला असतोच.