स्टॅटिकचा झटका : कामाच्या जागचे आरोग्यधोके

दोन वस्तू एकमेकींना घासून किंवा नुसत्या चिकटून सुटल्या की एकीवर धन आणि दुसरीवर ऋण भार उरतो, तो अंगात साठतो आणि लोखंडाला बोट लागलं की चट्‌दिशी निघून जातो, हाच स्टॅटिकचा झटका. विदर्भात हे जास्त करून दिवाळीनंतर, जिनिंगचा (कापसातून सरकी वेगळी काढायचा) सीझन आणि कोरडी थंडी सोबत येते तेव्हा. रेच्यावरचे (सरकी काढायच्या यंत्रावरचे) मजूर, सरकीची पोती भरणाऱ्या बाया, पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ उभा राहणारा, सगळ्यांना तो ओळखीचा आहे.

भार नेमका येतो कसा यावर अजून वाद आहे. घासलेला अंबर (झाडाचा दगडासारखा घट्ट झालेला जुना डिंक) काडीकचरा ओढतो या शोधाचं श्रेय सहसा ग्रीक विचारवंत थेलीसला (इ.स.पू. सुमारे ६००) देतात, पण त्याचं स्वतःचं लिखाण काही उरलेलं नाही, जे आहे ते फार नंतरच्यांनी सांगितलेलं, म्हणून ते जपूनच घ्यावं. इंग्रज डॉक्टर गिल्बर्टने १६०० मध्ये अंबराचं ओढणं चुंबकापेक्षा वेगळं हे मांडलं, स्वीडनच्या विल्के या शास्त्रज्ञाने १७५७ मध्ये कोणता पदार्थ कोणाशी घासल्यावर धन होतो याची यादी केली. धातूंमध्ये इलेक्ट्रॉन जातात हे पक्कं, पण कापूस, प्लास्टिक, पॉलिस्टर असल्या पदार्थांत एक पक्ष इलेक्ट्रॉनच म्हणतो, दुसरा पृष्ठभागावरच्या ओलाव्यातले आयन (भार असलेले अणू) म्हणतो आणि तिसरा म्हणतो की पदार्थाचे बारीक कणच भारासकट तुटून पलीकडे चिकटतात. एकाच पदार्थाचे दोन तुकडे घासले तरी भार येतो, त्यामुळे नुसत्या यादीवर हिशोब लागत नाही. तिन्ही गोष्टी कमीजास्त होत असाव्यात हे मत जास्त पटणारं.

हवेतली आर्द्रता साधारण ३०-४० टक्क्यांखाली गेली की भार टिकतो, ६० च्या वर तो लवकर झिरपून जातो. रुईत ओलावा ५ टक्क्यांच्या खाली आला तर ती पत्र्याला चिकटते, पाइप चोक होतो, म्हणून चांगल्या जिनिंगमध्ये हवेत पाण्याचा फवारा देतात.

माणसाचं शरीर १००-२०० पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरसारखं, म्हणजे भार साठवणाऱ्या छोट्या टाकीसारखं वागतं. ३ हजार व्होल्टच्या आसपास झटका जाणवायला लागतो, १० हजार व्होल्टला ऊर्जा भरते ५ ते १० मिलिज्यूल. १ ज्यूलच्या (१००० मिलिज्यूल) आसपासचा झटका जबर आणि १० ज्यूलचा जीवावरचा मानतात, म्हणजे अंगातल्या भाराने हृदय बंद पडायची भीती जवळपास नाहीच, कॅन्सर होतो वगैरे गोष्टींनाही आधार नाही. खरा धोका दचकण्यात आहे: हात झटक्याने पट्ट्यात जातो, शिडीवरचा माणूस खाली येतो. मोठं लोखंडी भांडं रबरावर ठेवलेलं असेल तर मात्र ऊर्जा बरीच जास्त साठते.

इथे गावाकडची एक घोळाची गोष्ट. "मशीन करंट मारते" म्हणजे दरवेळी स्टॅटिक नसतं, बरेचदा वायरिंगचं लीकेज असतं आणि ते खरंच जीव घेतं. स्टॅटिक एकदा चट्‌ करून संपतं, लगेच परत हात लावला तर काही नाही. लीकेज हात असेपर्यंत झिणझिण्या देत राहतं. मात्र हात लावून ओळखायच्या भानगडीत पडू नये, सप्लाय बंद करून वायरमनला बोलवावं. स्टॅटिक वाहून जायला १० लाख ओहमपर्यंतचं अर्थिंगही पुरतं, लीकेजला फ्यूज उडवायला मात्र फार कमी ओहम लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात वाळून गेलेला अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा स्टॅटिक बंद करील पण माणूस वाचवणार नाही. स्टॅटिक लागत नाही म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं समजणारे पुष्कळ आहेत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लीकेजसाठी, त्याचा स्टॅटिकशी संबंध नाही.

जिनिंगच्या आगींचा दोष सरसकट स्टॅटिकला देतात, पण कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा, गरम झालेलं बेअरिंग आणि बिडी हे जास्त संभवनीय वाटतं. पेट्रोलचं वेगळं आहे, त्याच्या वाफेला पाव मिलिज्यूलच्या आसपासची ठिणगी पुरते, म्हणजे माणसाला जाणवणारही नाही इतकी. म्हणून स्प्रे पंपासाठी पेट्रोल नेताना कॅन गाडीवर, हातात किंवा पोत्यावर धरून नव्हे, तर जमिनीवर टेकवून, नोझल तोंडाला लावून, हळू भरतात. कारखान्यांसाठी १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ३७ ज्वालाग्राही धूळ-वायूजवळचे ठिणगीचे सगळे उगम दूर किंवा बंदिस्त ठेवायला सांगत होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली.