चोक गेला कुठे? थंड इंजिन सुरू न होण्यामागची पार्श्वभूमी

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं, आणि एकदा इंजिन तापलं की दिवसभर पहिल्याच सेल्फला सुरू होते. ही तक्रार मोटारगाडीइतकीच जुनी आहे. थंड पेट्रोल इंजिनाला पुरेसा वेग, जास्तीचं इंधन आणि जोरदार ठिणगी लागते, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. मात्र यातलं कोणतं काम कोणता भाग करतो, हे दर पिढीत बदललं. तो प्रवास ठाऊक असला की दोष शोधताना हात नेमक्या जागी जातो.

सुरुवातीला इंजिन फिरवायचं काम माणसाच्या दंडावर होतं. समोरून लोखंडी हँडल घालून ते ओढायचं; ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. मोटर काही सेकंदच चालणार असेल तर लहान मोटरवरही तेवढ्यापुरता मोठा भार टाकता येतो, हे त्यांनी हेरलं. आजचा सेल्फही याच हिशोबावर बनतो. म्हणून एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि पुन्हा मारण्याआधी अर्धा मिनिट तरी थांबावं, नाहीतर मोटरचं वाइंडिंग (आतल्या तारेचे वेढे) जळतं.

दंडाची जागा बॅटरीने घेतली आणि तिच्यासोबत नवा दोषही आला. थंडीत बॅटरीची ताकद घटते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवायला हवी; 12.4 च्या खाली असेल तर बाकी काही उघडण्याआधी ती चार्ज करावी. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी संशयित. व्होल्टेज टिकतं, तरी इंजिन रेंगाळत फिरतं, तर मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह खांब इंजिन-बॉडीला जोडणारी) काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासावीत आणि घट्ट कसावीत. बदललेल्या बॅटऱ्यांपैकी किती तरी या एका गंजलेल्या बोल्टाच्या बळी असतात.

इंधनाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि आजचे बरेचसे फसवे दोष तिथेच सापडतात. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंड मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) आणि सिलिंडरच्या भिंतींवर बरंचसं पेट्रोल चिकटून बसतं. तापलेल्या इंजिनाला वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल पुरतं. थंडीत पेटण्याजोगी वाफ मिळावी म्हणून त्याच्या कित्येक पट ओतावं लागतं. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागात, हे काम चोक करायचा: हवेच्या वाटेवरची झडप मिटली की ओढ वाढते आणि जेटमधून (बारीक भोकातून) जास्त पेट्रोल येतं. पुढे दोन धातूंच्या स्प्रिंगवर चालणारा ऑटोमॅटिक चोक आला. तो लागावा म्हणून सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबायचा असे. ती सवय अनेकांच्या पायात अजून आहे, पण इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, गाडीत सुरू करण्याआधी पेडल दाबून जास्तीचं पेट्रोल येत नाही.

1967 मध्ये फोक्सवॅगन 1600 गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली आली. या पिढीत चोकचं काम एका जादा, कोल्ड स्टार्ट इंजेक्टरकडे गेलं. पुढे त्याला थर्मो-टाइम स्विच जोडला गेला: कडाक्याच्या थंडीत हा इंजेक्टर साधारण 8 सेकंद फवारतो, इंजिन सुमारे 35 अंशांच्या वर असेल तर अजिबात नाही. अशी जुनी गाडी हाती आली तर हा इंजेक्टर सुटा करून काचेच्या बरणीत धरावा, इग्निशन कॉइल बंद ठेवावी आणि सेल्फ मारावा. थंड इंजिनाला शंकूसारखा फवारा हवा. गरम इंजिनाला एक थेंबही नको. आग विझवायचं साधन हाताशी हवंच.

नंतर हा जादा इंजेक्टरही गेला. आता इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) मुख्य इंजेक्टरच जास्त वेळ उघडे ठेवतो, आणि किती वेळ ते मुख्यतः कुलंट टेंपरेचर सेन्सरवरून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या भागावरून, ठरवतो. चोक गेला तो इथे, बोटाएवढ्या सेन्सरमध्ये. बऱ्याच गाड्यांत त्याचा रेझिस्टन्स 20 अंशांना सुमारे 2.5 किलोओहम आणि 80 अंशांना 300 ते 350 ओहम असतो. सेन्सर थंड इंजिनालाही तापलेलं समजू लागला, तर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी फक्त सकाळीच अडते. आकडा शक्य कोटीतला असल्याने फॉल्ट कोडही बहुधा येत नाही. म्हणून रात्रभर उभ्या गाडीला स्कॅनर लावून कुलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान ताडून पाहावं. दोन्ही जवळपास सारखी हवीत; कुलंट 40 अंश आणि हवा 12 अंश दिसली तर चोर सापडला. उलट, कनेक्टरमध्ये गंज चढून रेझिस्टन्स वाढला तर इसीयूला इंजिन आहे त्याहून थंड वाटतं, पेट्रोल जास्त येतं आणि प्लग ओले निघतात. तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. बहुतेक इसीयू अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतात आणि सिलिंडर कोरडे होतात.

सेन्सर ठीक असेल तर इंधनाचं प्रेशर पाहावं. चावी ऑन करून दोन सेकंद थांबायचं, ऑफ करायची, असं तीनदा; दर वेळी पंप थोडा चालून प्रेशर भरतो. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली तर रात्रीत प्रेशर उतरतंय: पंपाचा चेक व्हॉल्व्ह (इंधन मागे जाऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर.

डिझेलमध्ये ठिणगीच नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर सगळं चालतं, आणि थंड धातू तीच उष्णता शोषून घेतो. 1936 च्या मर्सिडीज 260 डी मध्येही त्यासाठी हीटर प्लग (विजेने तापून सिलिंडरला उष्णता देणारे) होते. जुन्या तारेच्या प्लगांची जोडणी एकामागून एक असे, त्यामुळे एक जळला की सगळे बंद. नंतरचे पेन्सिल प्लग समांतर जोडलेले असतात. त्यामुळे एखादा गेला तर गाडी सुरू होते, पण पांढरा धूर काढत आणि अडखळत. कनेक्शन काढून प्रत्येक प्लग मोजावा: साधारण 0.5 ते 1 ओहम चांगला, सर्किट तुटलेलं दिसलं तर मेलेला. सगळेच चांगले निघाले तर रिले आणि फ्यूज पाहावा. नवे प्लग मात्र थेट बॅटरीला लावून तपासू नयेत. त्यातले बरेच 12 व्होल्टपेक्षा खूप कमी व्होल्टेजचे असतात आणि काही सेकंदांत जळतात.