यंत्रांकडून ईमेल पाठवण्याचे मार्ग

कार्यालयातील मल्टीफंक्शन प्रिंटर, हजेरीचे यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बॅकअपचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर ही साधने स्कॅन केलेली कागदपत्रे, बिले आणि इशारे परस्पर ईमेलने धाडतात. असे ईमेल मेल सर्व्हरकडे सोपवण्याचे अनेक मार्ग आहेत. पाठवणाऱ्या यंत्राची ओळख सर्व्हरला कशावरून पटते, हा त्यांतील मुख्य फरक होय.

या सर्व मार्गांचा पाया असलेला एसएमटीपी हा ईमेल पाठवण्याच्या नियमांचा संकेत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मांडला, तेव्हा त्यात पाठवणाऱ्याची खातरजमा करण्याची सोय नव्हती. स्पॅमचा उपद्रव वाढल्यावर सर्व्हर परक्यांचे ईमेल पुढे धाडेनासे झाले. १९९८ मध्ये ईमेल दाखल करण्यासाठी ५८७ हे वेगळे पोर्ट (सर्व्हरमधील क्रमांकित प्रवेशद्वार) ठरले आणि १९९९ मध्ये लॉगिन करून ओळख पटवण्याची पद्धत प्रमाणित झाली.

आजही सर्वांत रुळलेला मार्ग हाच आहे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड भरला की संस्थेबाहेरच्या पत्त्यांवरही ईमेल जातात. एक्स्चेंज ऑनलाइन या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सेवेत त्यासाठी स्वतंत्र मेलबॉक्स लागतो आणि मिनिटाला ३० ईमेलची मर्यादा असते. पुष्कळ ठिकाणी मात्र एखाद्या कर्मचाऱ्याचाच पासवर्ड यंत्रात भरून ठेवलेला असतो. त्याने तो बदलला किंवा नोकरी सोडली की स्कॅनिंग अडते आणि लॉगिन फसल्याची ५३५ क्रमांकाची त्रुटी येऊ लागते. शिवाय प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहिलेला असेल, तर ती सेटिंग नेटवर्कवरील कोणीही उघडू शकतो. ही सवय सोयीची वाटली तरी धोकादायक आहे.

नुसत्या पासवर्डवर विसंबणेही आता कठीण होत आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही मुभा काढून घेतली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केल्यावर मिळणारा १६ अक्षरी ॲप पासवर्ड तेवढा चालतो. मायक्रोसॉफ्टनेही ही पद्धत बंद करून ओऑथकडे, म्हणजे पासवर्डऐवजी तात्पुरत्या डिजिटल परवान्याने ओळख पटवण्याच्या पद्धतीकडे, वळण्याचे धोरण जाहीर केले आहे. जुन्या प्रिंटरांना ओऑथ येत नाही, काहींना टीएलएस १.२ (संदेश सांकेतिक करून सुरक्षित पाठवण्याची पद्धत) देखील येत नाही, आणि फर्मवेअर (यंत्रातील मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मिळत नसेल तर दुसरा मार्ग शोधण्यावाचून गत्यंतर नसते.

अशा वेळी रिले, म्हणजे यंत्राचा ईमेल स्वीकारून पुढे धाडणारा सर्व्हर, उपयोगी पडतो. त्यात सर्व्हर पासवर्डऐवजी कार्यालयाचा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील क्रमांक, किंवा टीएलएस प्रमाणपत्र ओळखतो. मेलबॉक्स लागत नाही आणि बाहेरही ईमेल जातात. स्टॅटिक आयपी घेतलेल्या आणि अनेक यंत्रे असलेल्या कार्यालयाला हाच मार्ग अधिक टिकाऊ ठरतो. कार्यालयातच एक छोटा रिले सर्व्हर बसवून जुन्या यंत्रांचे ईमेल त्याच्यामार्फत सुरक्षितपणे पुढे पाठवता येतात. मात्र तो बाहेरच्या जगासाठी उघडा राहिला, तर स्पॅमवाल्यांच्या हाती लागतो.

डायरेक्ट सेंड या मार्गात यंत्र संस्थेच्या एमएक्स सर्व्हरला (बाहेरून येणारे ईमेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला) २५ क्रमांकाच्या पोर्टवरून थेट ईमेल देते. तो संस्थेतल्याच पत्त्यांवर पोचतो. अनेक इंटरनेट पुरवठादार हे पोर्ट बंद ठेवतात. २०२५ मध्ये भामट्यांनी या मार्गाने संस्थेच्याच नावाचे बनावट ईमेल पाठवल्याचे उघड झाले; हा मार्ग बंद करण्याची सोयही मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी दिली. रिले असो वा डायरेक्ट सेंड, कार्यालयाचा आयपी पत्ता डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (संस्थेच्या नावाने ईमेल पाठवण्याची परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत) नसेल तर ईमेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता असते.

मोठ्या प्रमाणावर बिले वा सूचना पाठवणारी सॉफ्टवेअर ॲमेझॉन एसईएससारख्या ईमेल सेवांचे एपीआय (दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा) वापरतात. तेथे ओळख एपीआय कीवरून पटते आणि न पोचता परत आलेल्या ईमेलांचा हिशेबही मिळतो.

स्कॅन केलेला कागद कार्यालयातल्याच कोणाला हवा असेल, तर ईमेलची गरजच नसते. बहुतेक मल्टीफंक्शन प्रिंटर नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये थेट फाइल ठेवू शकतात, आणि जीमेलची २५ एमबीची मर्यादा ओलांडणाऱ्या जाडजूड दस्तऐवजांसाठी तीच वाट सोयीची असते.