मामाचा पंप तीनचा आणि एसी सातचा?

गोव्यात सावईवेरेला मामाच्या घरी एसी आला तो एप्रिलच्या मध्यावर, आणि पुढचे दोन दिवस खोक्यातच पडून राहिला. खोक्यावरचा आकडा मामाने वाचला होता: शीतक्षमता 5200 वॅट. कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, करणाऱ्या माणसाला पंपामुळे 746 हा आकडा पाठ असतो: एक एचपी, म्हणजे हॉर्सपॉवर, म्हणजे 746 वॅट. मामाने भागाकार केला आणि लगेच मला फोन लावला.

"अरे, हा सात एचपीचा निघाला! अख्ख्या पोफळींना पाणी देणारा माझा पंप तीनचा. आणि एक खोली गार करायला सात?"

वायरमननेही त्यात भर घातली होती. 16 अँपिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला फार तर 3680 वॅट जातात, मग 5200 कुठून जाणार? सॉकेट वितळेल, म्हणाला.

गंमत अशी की दोघांचेही गणित चोख होते. 5200 भागिले 746 म्हणजे सातच्या जरासे खाली. 230 गुणिले 16 म्हणजे 3680. एककांची अदलाबदल करण्यात कुणीही चुकले नव्हते. तरीही मामाचा हा दीड टनाचा एसी त्याच सॉकेटवर निवांत चालतो, आणि मामाच्या पंपापेक्षा कमी वीज खातो. चूक आकड्यात नव्हती, तो आकडा कशाचा आहे हे विचारायचे राहून गेले होते.

आधी एचपीचे बघू, कारण मामा तिथून निघाला होता. हॉर्सपॉवर ही जेम्स वॅटची विक्रीची युक्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला आपली वाफेची इंजिने घोड्यांच्या जागी बसवायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचे, "किती घोड्यांचे काम करेल?" त्याने गिरणीच्या घोड्यांवरून हिशेब बांधला: मिनिटाला 33,000 फूट-पौंड. आपल्या भाषेत सांगायचे तर सेकंदाला 76 किलो वजन एक मीटर वर उचलायचे. यातून 746 वॅट येतात. पुढे युरोपात मेट्रिक मापे आली तेव्हा 76 चा तुटका आकडा कशाला म्हणून सरळ 75 धरले, आणि एचपी 735.5 वॅटचा झाला. गाड्यांच्या जाहिरातीत पीएस असे लिहिलेले असते तो हाच थोडा हडकुळा घोडा. दोघांत दीड टक्क्याचाही फरक नाही, म्हणून पंपाच्या हिशेबात कुणाला जाणवत नाही. वॅट 1819 मध्ये वारला. त्याचे नाव एककाला द्यावे अशी सूचना इंजिनिअर विल्यम सीमेन्सने 1882 मध्ये केली, म्हणजे ज्याने घोडा रूढ केला त्याच्याच नावाचे एकक आज घोड्याला हद्दपार करते आहे.

आता मामाच्या पंपाची पाटी. तीन एचपी म्हणजे 2.2 किलोवॅट, आणि पाटीवर दोन्ही आकडे लिहिलेले असतात. पण ही शक्ती मोटारीच्या दांड्यावर मिळणारी आहे. मीटरमधून मोटार त्याहून जास्त ओढते. तिची कार्यक्षमता 75 टक्के धरली तर साधारण 2.9 किलोवॅट. बाकीचे सातशे वॅट मोटार तापवण्यात जातात. पंपघरात मोटारीवर हात ठेवून बघा, चटका देतील. म्हणजे पंपाची पाटी 'काय मिळते' ते सांगते. बाथरूममधल्या गीझरची पाटी 'काय ओढतो' ते सांगते. 2000 वॅट म्हणजे मीटरमधून 2000 वॅट, आणि तिथे ते जवळजवळ सगळे पाण्यातच जातात. 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला त्याला तेरा मिनिटे पुरतात. मायक्रोवेव्ह पुन्हा पंपासारखा वागतो: 800 वॅटचा म्हणून विकतात ते अन्नाला मिळणारे, सॉकेटमधून तो बाराशेच्या आसपास ओढतो. मोबाईलच्या चार्जरवरचे 33 वॅटही बाहेर पडणारे, 11 व्होल्ट गुणिले 3 अँपिअर.

एसीची पाटी यातल्या कुठल्याच रांगेत बसत नाही. 5200 वॅट ही एसीने खाल्लेली वीज नव्हे आणि त्याने निर्माण केलेली कुठली शक्तीही नव्हे. खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकण्याचा तो वेग आहे. एसी हमालासारखा आहे. हमालाने दिवसभरात किती पोती वाहिली आणि त्याने किती भात खाल्ला, हे दोन्ही आपण किलोतच मोजतो, पण एकातून दुसरा वजा करत बसत नाही. 5200 वॅट उष्णता वाहायला साधारण दीड हजार वॅट वीज लागते.

आणि 'टन'? गोव्यात हा शब्द समजून घ्यायचा तर मालिमच्या मासेमारी जेटीवर जावे. ट्रॉलर समुद्रात जाण्याआधी बर्फाच्या लाद्या येतात, यंत्रात घातल्या की कडकडत चुरा होऊन खणात पडतात. एसीचा टन तिथलाच. वीज येण्याआधी अमेरिकेत गारवा बर्फाच्या वजनावर विकला जायचा. 1833 मध्ये तर बॉस्टनहून जहाजाने बर्फ थेट कलकत्त्याला आला होता. पुढे यंत्रे आली, तेव्हा गिऱ्हाइकाला कळेल अशी भाषा पुन्हा हवी होती. घोड्याच्या जागी आता बर्फ. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी उचलणारे यंत्र एक टनाचे. हा टन अमेरिकी, 2000 पौंडांचा, म्हणजे 907 किलोंचा. एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात. 907 ला 334 ने गुणा, दिवसाच्या 86,400 सेकंदांनी भागा, साडेतीन किलोवॅट आले. नेमका आकडा 3.517.

दीड टनाचा एसी दिवसभर पूर्ण जोराने चालला तर 1360 किलो बर्फाचे काम करतो. 50 किलोची लादी धरली तर सत्तावीस लाद्या. मी मामाला सांगितले, दर तासाला कुणीतरी एक लादी आणून तुझ्या माजघरात ठेवतो आणि ती तासाभरात वितळते असे समज. मामा म्हणाला, "मग फरशी पुसणार कोण?"

मामाच्या शेजाऱ्याने आखातातून येताना एसी आणला होता, त्यावर टनही नाही आणि वॅटही नाही: 18,000 बीटीयू. बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटने तापवायला लागणारी उष्णता, 1055 ज्यूल. खरे तर तिथे 'दर तासाला' असे लिहायला हवे, कारण नुसता बीटीयू ही ऊर्जा झाली, शक्ती नव्हे. नुसते 'साठ किलोमीटर' म्हणून गाडीचा वेग सांगण्यासारखे आहे हे. पण बाजारात ते दोन शब्द कधीच गळून पडलेत. 12,000 बीटीयू दर तासाला म्हणजे एक टन, तेव्हा शेजाऱ्याचा एसीही मामाच्या एसीएवढाच, दीड टनाचा. वॅटमध्ये आणायचे तर 3.412 ने भागा. वजाबाकीसारखी सोपी गोष्ट, पण दोघे शेजारी आठवडाभर आपापला एसी मोठा म्हणून भांडले होते.

हाच घोटाळा वीजबिलातही असतो. बिलावरचे युनिट म्हणजे किलोवॅट-तास, ती ऊर्जा. मामाचा पंप 2.9 किलोवॅटने तासभर चालला की 2.9 युनिटे झाली.

स्वयंपाकघरात अजून एक एकक दडलेले आहे, किलोकॅलरी दर तासाला. 860 किलोकॅलरी दर तासाला म्हणजे एक किलोवॅट. गॅसची मध्यम शेगडी तासाला 150 ग्रॅम गॅस जाळते असे धरा. किलोभर एलपीजीत सुमारे 11,000 किलोकॅलरी असतात, म्हणून शेगडी झाली 1650 किलोकॅलरी दर तासाची, म्हणजे 1.9 किलोवॅटची. यातले भांड्याला किती? घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी असे भारतीय मानक सांगते, तेव्हा 1.3 किलोवॅट. उरलेले सहाशे वॅट मामीला, भिंतीला आणि खिडकीतल्या मांजराला. आणि मामी स्वतः? दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणारा माणूस तासाला 83 किलोकॅलरी, म्हणजे साधारण 97 वॅट उष्णता बाहेर टाकतो. मे महिन्यात मुंबईहून लेकी-नातवंडे आली आणि सहाजण पत्ते खेळायला एका खोलीत बसले, की तिथे सहाशे वॅटचा हीटर लावल्यासारखेच. एसी निवडताना माणसे मोजतात ती यासाठी.

पावसाळ्यासाठी घेतलेला इन्व्हर्टर 900 व्हीएचा. व्होल्ट-अँपिअर हे वॅटसारखे दिसते, पण पूर्ण वॅट नव्हे, मधे पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती त्याचे प्रमाण. तो 0.8 असेल तर पदरात 720 वॅटच पडतात. त्यावर फ्रिज, पंखे आणि टीव्ही ठीक. एसी नाही.

हजारो वॅटच्या या घरात एक पाहुणा मात्र वॅटच्या पार खालच्या टोकाला राहतो, वायफाय. नातवाची तक्रार होती की मागच्या खोलीत रेंज येत नाही. मी मोबाईलवर सिग्नल बघितला. सोप्यात −48 डीबीएम, मागच्या खोलीत −78. डीबीएममध्ये शून्य म्हणजे एक मिलिवॅट. तिथून दर 10 ने खाली आले की शक्ती दहापट घटते, दर 3 ने निम्मी होते. −48 आणि −78 ऐकायला जवळजवळचे वाटतात, पण 30 चा फरक म्हणजे हजारपट. सोप्यात फोनला सोळा नॅनोवॅट (वॅटचा अब्जावा भाग तो नॅनोवॅट) मिळत होते, मागे त्याच्याही हजारपट कमी, सोळा पिकोवॅट. मधे चिऱ्याच्या दोन जाड भिंती. राउटर स्वतः फेकतो 20 डीबीएम, म्हणजे एक दशांश वॅट. इतक्या मोठ्या पट्ट्यातले आकडे शून्ये मोजत लिहिण्यापेक्षा लॉगरिदमने आवळून लिहिलेले बरे, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाले वॅट सोडून डेसिबलमध्ये बोलतात. इथे गुणाकाराची बेरीज होते, तेवढीच सोय. आम्ही राउटर माजघराच्या दाराशी हलवला, मागे −61 आले.

एसी शेवटी लागला. वायरमनने तारेभोवती क्लॅम्प मीटर धरला, सुरुवातीच्या पूर्ण जोरात 6.8 अँपिअर. 230 ने गुणले तर 1564 व्होल्ट-अँपिअर, वॅट त्याहून किंचित कमी. "एचपी किती?" मामाने विचारले. दोन. पंपापेक्षा कमी. तासाभराने खोली गार झाल्यावर काटा आणखी उतरला.

मग मामा बाहेरच्या यंत्रासमोर जाऊन उभा राहिला. खोलीतून उचललेले 5200 आणि खाल्लेले 1500, असे 6700 वॅट त्या पंख्यातून बाहेर येत होते. भर दुपारी एक चौरस मीटर खळ्यावर साधारण एक किलोवॅट ऊन पडते, म्हणजे सहा-सात चौरस मीटर खळ्याचे ऊन भिंतीतल्या एका चौकोनातून वाहत होते. हे सांगून मी आत चहाला गेलो. बाहेर आलो तेव्हा मामाने सुपारीचा वाळवणाचा तट्टा ओढत आणून यंत्रापासून दोन हातांवर ठेवला होता आणि तो एकेक सुपारी परतत होता.